नाव सुटसुटीत सांगा

मानपाड्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी रक्त-लघवी तपासायची लॅब आहे. तिथल्या काउंटरवरच्या बाई प्रत्येकाला म्हणतात, "नाव सुटसुटीत सांगा." भात सुटसुटीत असतो, घर असतं, नावही असतं हे मला तिथे कळलं. एकेक शब्द सोडून सांगायला लावतात आणि बाटलीवर प्रत्येक अक्षर वेगळं काढतात. मागची रांग चिडते, पण त्या मान वर करत नाहीत.

एकदा आईच्या गाठीचा रिपोर्ट आणायला गेलो. पाकीट तिथेच फोडलं. कॅन्सर. पुढचं वाचवेना.

"दादा, थांबा." बाईंची नजर कागदावर होती. "आईंचं नाव सांगा."

मी एका दमात सांगितलं.

"असं नाही. सुटसुटीत."

पहिलं नाव सांगितलं. मग वडिलांचं.

"इथे मधलं नाव दुसरं आहे," त्या म्हणाल्या. "पाकिटं मीच भरली. चूक माझी. तुमचा हा. साधी गाठ आहे."

मला रडू फुटलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक बाई उठल्या. "माझा आला का हो?"

काउंटरवरच्या बाई पहिल्यांदाच उठून बाहेर आल्या. मघाचा कागद पालथा धरून त्यांना बाकावर बसवलं आणि शेजारी बसल्या. "सोबत कोणी आलंय का?"

"नाही. का?"