मुहय्योचा डावा हात

मुहय्यो पहिल्यांदा समरकंदच्या कालव्यावर आली तेव्हा तिच्या एका हातात घरच्या मनुकांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात वैद्यकीय प्रवेशाचं जाडजूड पुस्तक. ही काय वल्हं मारणार, असं मी सगळ्यांसमोर बोलून मोकळी झाले. माझी जीभ अशीच आहे. वर्षभरात हीच पोरगी दोघींच्या नावेत माझी जोडीदार झाली आणि मला माझे शब्द गिळावे लागले. मनुका मात्र मी पहिल्याच दिवशी संपवल्या होत्या.

उर्गुत गावी राहणाऱ्या तिच्या वडिलांनी नाव चालवायला परवानगी दिली ती एकाच अटीवर. डॉक्टरकीचं एक वर्ष जरी बुडालं, तरी वल्हं बंद. त्यामुळे ती सकाळी साडेपाचला पाण्यावर, नऊला वर्गात, चारला पुन्हा पाण्यावर. स्पर्धांना जाताना विमानात आम्ही सगळ्या घोरायचो आणि ही हाडं मोजत बसायची.

नावेत मी पुढे बसायचे, ती माझ्या मागे, प्रत्येकीच्या दोन्ही हातांत एकेक वल्हं. समोर तासन् तास माझी पाठ. दुसऱ्या वर्षी शरीरशास्त्र सुरू झालं तेव्हा ती नेहमीसारखी ताई अशी हाक मारत म्हणाली, "लोबार ओपा, तुमची पाठ नुसती वाया चाललीय." आणि माझ्या सरावाच्या बनियनवर तिने शाईने स्नायूंची नावं लिहिली, जिथला स्नायू तिथंच. शाई धुण्यात जाईना. पोटच्या पोरीचा फळा झाला म्हणून आई महिनाभर कुरकुरत होती.

त्या वसंतात माझा डावा खांदा दुखायला लागला. मी कुणाला सांगितलं नाही. वय एकोणतीस, कदाचित शेवटचा हंगाम, आणि जूनमध्ये पोलंडची स्पर्धा. आमचे प्रशिक्षक एर्किन आका यांना नुसती कुणकुण लागली असती तरी माझ्या जागी सेवारा बसली असती. ती वर्षभर राखीव होती आणि तिला काही घाई नव्हती, पण मला तिचा चेहरा बघवत नसे.

मुहय्योची परीक्षा नेमकी पोलंडच्या आठवड्यात आली. तिचे मास्तर मीरसोअत दोमला खेळाडूंना फुकट गुण देणाऱ्यांतले नव्हते. एर्किन आका तीनदा त्यांच्या घरी चहा पिऊन आले तेव्हा कुठे ते तोंडी परीक्षा आधी घ्यायला तयार झाले. रविवारी सकाळी ते फिरायला येतात, तेव्हा कालव्याच्या काठावरच घेईन म्हणाले. तिथं ती नापास झाली तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं तर वल्हं गेलं.

दोमला आले ते काठी टेकत. हाडं झाली, नसा झाल्या. मुहय्यो घडाघडा बोलत होती. मग त्यांनी मला कोरा बनियन घालायला लावून त्यांच्याकडे पाठ करून उभं केलं आणि काठीच्या टोकाने एकेक स्नायू दाखवायला लागले. एकही चुकला नाही. शेवटी काठी माझ्या दोन्ही खवाट्यांवर आळीपाळीने टेकली.

"आता सांग, डाव्या-उजव्यात काही फरक दिसतो?"

चार पावलांवर एर्किन आका उभे होते.

"नाही, दोमला. दोन्ही सारखे."

"नीट बघ. यावरच ठरणार आहे."

"बघितलं. सारखेच आहेत."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हिला कळलं होतं. रोज चार तास माझी पाठ बघणाऱ्या मुलीला माझा खांदा कळणार नाही, असं मी कसं काय धरून चालले होते? वर्ष पणाला लावून ती माझ्यासाठी खोटं बोलत होती, आणि मी खांबासारखी उभी होते.

मी वळले. "दोमला, तिला सगळं दिसतंय. डावा खांदा मार्चपासून गेलाय. मी लपवलं आणि ती मला झाकतेय. तिला नापास करू नका."

दोमलांनी डायरीत काहीतरी लिहिलं. "उत्तर चुकलं," ते मुहय्योला म्हणाले, "पण निदान बरोबर आहे. पास." दुपारी एर्किन आकांच्या यादीत माझ्या जागी सेवाराचं नाव आलं. मुहय्यो दोन दिवस माझ्यावरच चिडून होती.

मंगळवारी त्या दोघी पहिल्यांदा पाण्यावर उतरल्या. मी काठावर सायकल घेऊन त्यांच्या बरोबरीने निघाले. इतके दिवस एका नावेत बसून मी मुहय्योला वल्हवताना कधी पाहिलंच नव्हतं. मागे बसलेली माणसं दिसतात कुठे? सुंदर वल्हवत होती. पण नाव सरळ जाईना, सारखी एकाच काठाकडे वळत होती. सेवारा गोंधळली. एर्किन आका कर्ण्यातून ओरडायला लागले, "मुहय्यो, डाव्या हाताने एवढं का ओढतेस? दोन्ही हात सारखे ठेव."

ती सारखे ठेवायची, आणि दहा फटक्यांत डावा हात पुन्हा जोर धरायचा. त्याला तीन महिन्यांची सवय लागली होती.

मी सायकल थांबवली आणि काठावर बसून पोटभर रडले. मार्चपासून आमची नाव सरळ जात होती, आणि मला वाटत होतं, मी अजून खमकी आहे.