स्लॉटमधला अक्षतेचा दाणा

“मशिनचं नंतर बघा भाऊ. आधी आतली सीडी काढा,” दत्तोबा काउंटरवर गेमिंग कन्सोल ठेवत म्हणाले.

माझं भूगावला टीव्ही आणि कन्सोल रिपेअरिंगचं दुकान आहे. दत्तोबा माण गावचे. जमीन आयटी पार्कात गेली, आता घरावर मजले चढवून कंपनीतल्या पोरांना खोल्या भाड्यानं देतात. सोबत त्यांच्या मंडळी, शांताबाई. त्यांच्या हातात कन्सोलचा रिमोट होता. टेस्टिंगला लागेल म्हणून मागितला, तर त्यांनी तो पदराखाली घेतला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. असली गिऱ्हाइकं मला जरा डोक्याला ताप वाटतात.

कन्सोल म्हणजे फक्त गेम, असं लोकांना वाटतं. पण जुन्या कन्सोलमध्ये डीव्हीडीही चालते. मुलं हौसेनं घेतात, मग नोकरीत अडकतात. घरातला डीव्हीडी प्लेयर कधीतरी बंद पडतो. नवा मागायला गेलं, तर दुकानदार आपल्याकडे बघत राहतो. मग आईबाप कन्सोलवरच लग्नाच्या सीड्या आणि जुने पिक्चर बघतात. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी कन्सोलवर वर्षानुवर्षं गेम लागलेला नसतो.

“कुणाचा हा?”

“आमच्या अमोलचा. गेल्या साली गेला त्यो. कामावरनं येताना, गाडीवर.”

मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

“आन् सीडी पोरीच्या लग्नाची हाय. त्यात त्यो हाय. फोनचा तर चुरा झाला व्हता. त्याचा आवाज आता ह्यातच.”

“संपूर्ण लग्नात असेल ना तो?”

“न्हाई वो. नवरीच्या भावाला कुटं उभं ऱ्हायला मिळतंय? वाढप, मांडव, पाव्हणं. एकदाच घावलाय कॅमेऱ्यात. कानपिळीला.”

बाकावरून शांताबाई म्हणाल्या, “नवरदेवाचा कान धरतो आन् म्हनतो, दाजी, ताईला रडवलं तर दुसरा बी कान हाय. मग हसतो. लई मोठ्यानं हसतो.” मग त्यांनी रिमोट पदराबाहेर काढून दाखवला. एका बटणावर लाल टिकली चिकटवलेली होती. “त्यानंच लावून दिली. म्हनला, आई, बाकी कशाला हात लावू नको. टिकली दाबायची, की लग्न सुरू.”

मी कन्सोल आत नेऊन उघडला. या मॉडेलला ट्रे बाहेर येत नाही. पुढे एक फट असते, तिला आम्ही स्लॉट म्हणतो. तिच्यात डिस्क सरकवली की आतले रबरी रोलर ती ओढून घेतात. डिस्क गरागरा फिरते आणि खालून लेन्स तिच्यावरचं वाचते. म्हणजे सगळा जीव डिस्कच्या खालच्या बाजूत.

लेन्सवर लालसर भुकटी होती. ती पुसली की संपलं, असं म्हणून मी डिस्क मोकळी केली. लेन्सच्या शेजारी तांदळाचा एक दाणा घट्ट रुतून बसला होता. कुंकवानं लाल झालेला. आणि डिस्कच्या खालच्या बाजूला एक गोल ओरखडा, अगदी बांगडीसारखा.

उभा ओरखडा परवडतो. मधून कडेकडे गेलेला असला, तर लेन्स तेवढ्यावरून उडी मारून पुढे जाते. गोल ओरखडा मात्र वाईट, कारण डिस्कवरचं सगळं गोल गोलच लिहिलेलं असतं. त्या वर्तुळात जे असेल ते सलग जातं. लिखाण आतून बाहेर जातं, लग्नही त्याच क्रमानं. मंगलाष्टकं साधारण कुठं संपत असतील याचा मी नजरेनं अंदाज घेतला. ओरखडा त्याच्या जरा पुढे होता. म्हणजे नेमका कानपिळीवर.

“दत्तोबा, जरा आत या. मशिनची बॉडी धरायची आहे.”

ते आत आले. मी तळहातावर दाणा दाखवला. त्यांनी तो बोटानं उलटवून पाहिला.

“खंडेनवमीचा हाय ह्यो,” ते हळू आवाजात म्हणाले. “शेत व्हतं तवा नांगर, कुळव, इळं मांडायचो पूजेला. आता काय मांडायचं? अमोलचा लॅपटॉप कंपनीवाले परत घिऊन गेले. त्याच्या हातचं ह्येवढंच ऱ्हायलं. तिनं हळदीकुंकू व्हायलं, अक्षता टाकल्या. दुसऱ्या दिवशीपासनं सीडी अडाया लागली. तरी ती लावायची. दिवसभर लावायची.”

दर वेळी डिस्क फिरली असणार आणि दर वेळी दाणा तिच्यात खोल गेला असणार. त्यांना हे न सांगताही समजलं असावं.

“भाऊ, तांदळाचं तिला सांगू नका.”

“नाही सांगत.”

लेन्स साफ करून कन्सोल परत दिला, डिस्क ठेवून घेतली. पौडच्या ज्या स्टुडिओनं शूटिंग केलं होतं त्याला फोन लावला.

“साहेब, स्टुडिओ कधीच बंद केला. आता मी प्लॉटिंगचं बघतो.”

“हार्ड डिस्क असेल कुठं?”

“भंगारात गेली हो सगळी.”

त्यांच्या मुलीकडे दुसरी कॉपी होती. ती नातवानं खेळताना मोडली होती. मग डिस्क बफिंग केली, म्हणजे खालच्या बाजूचं प्लास्टिक घासून गुळगुळीत केलं. एक सॉफ्टवेअर असतं, अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा वाचत बसतं. ते लावून ठेवलं. जेवढं निघालं तेवढं पेनड्राइव्हवर घेतलं. टिकलीचं बटण चालायला हवं, म्हणून माणला जाऊन पेनड्राइव्ह कन्सोललाच जोडला.

शांताबाई टीव्हीसमोर बसल्या होत्या. मी आधीच सांगितलं, “मावशी, तो भाग पुरता आला नाही.”

मंगलाष्टकं झाली. सगळे बसले. एक हात पुढे आला, नवरदेवाच्या कानाला लागला. “दाजी, ताईला...” आणि पडद्यावर चौकोनच चौकोन. मग एकदम पाठवणी, सगळी बायामाणसं रडताहेत. चेहरा आलाच नाही. हसणंही नाही.

“कशानं झालं ह्ये?” त्यांनी विचारलं.

दत्तोबा दाराबाहेर बघू लागले.

“लेन्स जुनी झाली होती.”

“माज्या हातनं काय झालं न्हाई ना? लई येळा दाबलं मी बटण.”

“नाही मावशी. बटणानं काही होत नाही.”

त्यांनी मान हलवली. मला फार वाईट वाटत होतं, निघावं असं वाटत होतं. पण त्यांनी पुन्हा टिकली दाबली आणि लग्न पहिल्यापासून सुरू झालं. मांडव, रांगोळी, पंगत. पंगतीतून एक पोरगा वरणाची बादली घेऊन पाठमोरा निघून गेला.

“थांबवा,” शांताबाई म्हणाल्या. मी मागे घेतलं. तो पुन्हा गेला. “अमोल हाय. अवो धनी, बघा तरी, आपला अमोल हाय ह्यो. ह्यो आमी कधी बघितलाच न्हाई वो भाऊ. लावली की ह्येंच्याकडनं म्होरंच पळवून घ्यायची, कानपिळीपत्तूर.”

दत्तोबा येऊन त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. मी ते परत परत लावून दिलं. बादली उजव्या हातात, पाठीवर सदरा घामानं चिकटलेला. चेहरा एकदाही वळत नाही.

निघताना मी कन्सोलच्या फटीवर रुंद चिकटपट्टी लावली. “ह्ये कशाला?” शांताबाईंनी विचारलं. धूळ जाऊ नये म्हणून, असं सांगितलं.

आता नवरात्र बसलं की दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी बजावतो, कन्सोलची पूजा करायची तर आधी स्लॉटवर पट्टी लावा, मग खुशाल अक्षता टाका. माणच्या त्या घरी मात्र हे सांगत नाही. तिथं फक्त खंडेनवमीच्या आधी काहीतरी निमित्त काढून जातो आणि जुनी पट्टी काढून नवी लावून येतो.