लहान्याचा बडग्या

"बडग्या मोठ्याचा काढाचा असते, बाई. लहान्याचा काढला त ते मारणंच झालं." बांबूची कामटी वाकवत आमच्या गल्लीतला बांबूवाला हे दर श्रावणात म्हणायचा. कामटी कानाजवळ नेऊन वाकवायची त्याची सवय. करकरली की बाजूला फेकायचा.

नागपूरकरांना बडग्या काय ते सांगायला नको, इतरांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबतीची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या पुतळ्याची, मिरवणूक निघते. तिच्यासोबत बडगे असतात, म्हणजे वर्षभर लोकांना ज्याचा राग आला त्याचे बांबू-कागदाचे पुतळे. खाबू पुढारी, महागाई, रस्त्यातले खड्डे. गळ्यात फलक अडकवायचे, वाजतगाजत फिरवायचे, मनसोक्त शिव्या द्यायच्या आणि जाळायचे. लकडगंजात आमच्या गल्लीचा बडग्या तो बनवायचा आणि फलक मी लिहायची. शाळेत मराठी शिकवण्यात माझा जन्म गेला, अक्षर बरं आहे. "बाईचं अक्षर वाचाले लोक थांबतेत," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, आणि मी फुगायची.

एरवी तो शिड्या आणि मांडवाचे बांबू विकायचा. सोबत त्याचा दोस्त राहायचा, शिंपी. गल्लीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज त्याच्याच हातचे. बडग्याचे कपडेही तोच शिवायचा, आणि पुतळ्याची पॅन्ट नीट बसली नाही की बांबूवाला कटकट करायचा, "जळाले चालला म्हणून असा काहीबी घालून देतं काय बे त्याले?" वीस वर्षं दोघं एका खोलीत राहिले. ते एकमेकांचे कोण आहेत हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. कोणी बोलत नव्हतं, आणि त्यालाच आम्ही आमचा चांगुलपणा समजत होतो.

मग कोर्टात ते प्रकरण सुरू झालं, पुरुषाला पुरुषाशी लग्न करता यावं की नाही याचं. टीव्हीवर रोज तेच. आमच्या मंडळाच्या अध्यक्षाला नगरसेवक व्हायचं होतं, त्याला आयता विषय मिळाला. दोन नवरदेवांचा बडग्या काढायचा, म्हणाला. बांबूवाल्याने साफ नाही म्हटलं. तेव्हा अध्यक्षाने पुतळे दुसऱ्या मोहल्ल्यातून करून आणले. फलकाचा पुठ्ठा मात्र माझ्याच दारात आला. मजकूर तयार होता. 'ही कीड ठेचा, शहर वाचवा.'

मी लिहिला. काहून लिहिला, विचारा ना! हे टीव्हीवरच्या लोकांबद्दल आहे, आपल्या गल्लीतल्या कोणाबद्दल नाही, असं मी स्वतःला सांगितलं. अध्यक्षाशी उगाच वाकडं कशाला, हेही होतंच. मराठीची बाई मी, 'कीड' आणि 'ठेचा' म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगायला हवं होतं का? लाल रंगात लिहिला, खाली दोन रेघाही मारल्या.

मिरवणूक आली आणि बरोबर त्यांच्या खोलीसमोर थांबली. तेव्हा मला दिसलं. एका नवरदेवाच्या गळ्यात शिंप्याची टेप होती, दुसऱ्याच्या हातात बांबू. ढोल बडवत, दोघांची नावं घेऊन, आईबहिणीवरून घोषणा सुरू झाल्या. ज्यांची पोरं त्या शिंप्याने शिवलेले गणवेश घालून माझ्या वर्गात बसली, ते बाप एकमेकांना टाळ्या देत होते. बायका गच्चीवरून मोबाइल धरून हसत होत्या. अगं, लाजा कशा वाटल्या नाहीत, अंगातला ब्लाउज कोणाच्या हातचा होता? पण हे मी आज म्हणते. त्या दिवशी मी ओट्यावर उभी राहून पाहत होते.

बांबूवाला बाहेर आला. फलक वाचला, मग माझ्याकडे पाहिलं.

"अक्षर चांगलं आलं, बाई," म्हणाला, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

त्या आठवड्यात बायका एकेक करून शिंप्याकडे गेल्या आणि न शिवलेली कापडं परत घेऊन आल्या. पंधरा दिवसांत त्यांच्या दारात टेम्पो लागला. माफी मागायची म्हणून मी गेले, आणि तोंडातून निघालं काय, तर कुठे चालले हो, लोक चार दिवसांत विसरतात.

बांबूवाला शिलाई मशीन दोरीने बांधत होता. "या वर्षी त्यायनं बांबूचे जाळले, बाई," म्हणाला. "पुढच्या वर्षी बांबू कायले लागन?"

दोस्त आधीच ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला होता. त्याने काच वर केली.

अध्यक्ष अजून नगरसेवक व्हायचाच आहे. परवा माझ्याकडे आला. पोळा जवळ आला, बडग्या बनवणारा धड माणूस भेटून नाही राहिला, म्हणाला. "त्या बांबूवाल्याचा नंबर असन ना तुमच्याजवळ? झालं गेलं होऊन गेलं, बाई." मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. गल्लीने ऐकलं, ऐकू दे.

नंबर आहे माझ्याकडे. त्याला दिला नाही. पण आजवर मीही तो लावलेला नाही.