शेजारच्या परसातलं गाव

"मिसेस, तिकडून नको. तिथे तळं आहे."

शेजारचा म्हातारा मला हे पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी वाटीभर खिचडी घेऊन त्याच्या परसात उभी होते. समोर गुडघाभर बर्फ. तळं कुठलं? पण तो इतक्या ठामपणे बोलला की मी वळसा घालून गेले. तुम्हीही गेला असतात.

कॅल्गरीत घरापुढचा बर्फ काढावाच लागतो, नाहीतर दंड बसतो. म्हातारा पुढचा तसाच ठेवायचा आणि मागचा काढत बसायचा. पुढचा माझा मुलगा शोव्हल करायचा. "आई, त्यांच्या डोक्यात काहीतरी झालंय," म्हणायचा. असेल. पण मागच्या बर्फातून तो रस्ते सुरेख काढायचा.

ते रस्ते त्याच्या गावचे होते. चेक देशातलं, सीमेलगतचं लहानसं गाव. हा पोरवयात असताना सरकारने माणसं उठवली, घरं पाडली. तळं तेवढं राहिलं. दर हिवाळ्यात तो फावड्याने ते गाव पुन्हा मांडायचा. बर्फाचे ढीग म्हणजे घरं. पानगळीच्या दिवसांत तळं रिकामं करून अख्खं गाव मासे धरायला चिखलात उतरायचं, हे सांगताना तो स्वतःची पँट वर ओढायचा. इंग्रजी त्याचंही मोडकं, माझंही. आमचं बरं जमायचं.

यंदा त्याच्या मुलीने घर विकायला काढलं. ती लांब पश्चिम किनाऱ्याकडे, कोक्विटलामला असते. त्यालाही तिकडे नेणार होती.

"तिथे नुसता पाऊस," तो म्हणाला. "गाव कुठे काढू?"

मी म्हटलं, जेवण तरी वेळेवर मिळेल. त्याने मान हलवली. मग माझं कोपर धरलं. "चला, दाखवतो. कुणाला तरी माहीत हवं."

प्रत्येक ढिगापुढे तो टोपी काढायचा आणि कोण राहतं ते सांगायचा. लोहार. पलीकडे एक विधवा, तिची बदकं चावरी. मग गिरणीवाला, बायकोला भिणारा. शेवटी एक चौकोन आला, आतून जमिनीपर्यंत साफ केलेला. "आमचं," तो म्हणाला.

मी आत पाय टाकणार, तोच त्याने मला मागे ओढलं.

"थांबा, मिसेस. आईने आत्ताच फरशी पुसलीय."

पाय बधिर होईपर्यंत आम्ही बाहेरच उभे राहिलो.

तो मुलीकडे गेल्यावर बर्फ पुष्कळ पडला. नवी माणसं पुढचा काढतात, मागे कुणी फिरकत नाही. लोहार कुठे, विधवा कुठे, मला अजून बोट ठेवून दाखवता येईल. विचारणारं कोणी नाही.