दोन दिवसांचं सामान

लंकाबाईंच्या घरात प्रवासाची बॅग नव्हती. मखमलाबादच्या मळ्यातून कोथिंबीर, मेथी आणि झेंडू घेऊन पंचवटीच्या बाजारात जायचं, दुपारी रिकाम्या पाट्या घेऊन परतायचं, एवढाच त्यांचा प्रवास. माहेर मातोरीला, तिथंही सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. म्हणून १९९९च्या श्रावणात इगतपुरीला दोन दिवस जायचं ठरलं, तेव्हा त्यांची मुलगी सुवर्णा सासरहून, आडगावहून, स्वतःची रेक्झिनची बॅग घेऊन आली.

इगतपुरीला सुवर्णाचे वडील राहत होते. कोंडाजी रेल्वेत गँगमन. नोकरी लागली तेव्हा दर शनिवारी घरी यायचे आणि रविवारी धुतलेले कपडे, भाकरी, ठेचा घेऊन गाडी धरायचे. पुढं महिन्यातून एकदा यायला लागले. १९८६च्या दिवाळीनंतर आलेच नाहीत. सिंधुबाई नावाची एक बाई त्यांच्या क्वार्टरमध्ये राहते, असं गावातल्याच एकानं येऊन सांगितलं. लंकाबाईंनी ऐकून घेतलं आणि मेथीला पाणी द्यायला गेल्या. नाशिक रोडहून इगतपुरी जेमतेम दीड तासावर. पण तेरा वर्षांत त्या गेल्या नाहीत, ते आले नाहीत. सुवर्णाचं कन्यादान धाकटे दीर नाथा आणि जावेनं केलं.

फोन आला तो कोपऱ्यावरच्या पीसीओत. पलीकडून बाईचा आवाज होता.

"मी सिंधुबाई बोलते, इगतपुरीहून. त्यांना लकवा मारलाय. चार महिने झाले, उजवी बाजू गेली. तुमी दोन दिवस येता का?"

"कधी?" लंकाबाईंनी विचारलं.

"गुरुवारी आल्या तर..." आणि फोन कटला.

घरात सगळ्यांनी एकच अर्थ काढला. माणूस शेवटच्या घटका मोजतोय, तोंड बघायला बोलावलंय.

"वहिनी, जाऊ नका," नाथा म्हणाला. "जिनं तुमचा संसार मोडला तिच्या दारात जाणार तुम्ही?"

"जाते."

"पण कशाला?"

"बोलावलंय म्हणून."

दुसरं कारण त्यांना शोधूनही सापडलं नाही. राग येईल असं त्यांना वाटलं होतं, रडू येईल असंही वाटलं होतं. दोन्ही आलं नाही. बुधवारी त्या बाजारात गेल्या, सगळा माल विकला आणि परत आल्यावर सुवर्णानं भरलेली बॅग बघितली.

तीत तीन लुगडी होती. स्वेटर होता, चादर होती, लाडवांचा डबा, अमृतांजन आणि सुवर्णाच्या लग्नातला वडिलांच्या नावानं घेतलेला, तसाच राहिलेला सफारीचा कपडा.

लंकाबाईंनी एकेक वस्तू बाहेर काढली. आधी सफारीचा कपडा, मग लाडू, अमृतांजन, चादर, स्वेटर, शेवटी दोन लुगडी.

"आई, इगतपुरीचा पाऊस माहितीय ना तुला? कपडे वाळत नाहीत तिथं. निदान एक जास्तीचं राहू दे."

"नेसूचं एक, बॅगेतलं एक. लय झालं. मी काय राहायला नाय चालले."

एक लुगडं, एक चोळी, टॉवेल, फणी आणि कुंकवाचा करंडा. बॅग अर्धीही भरली नाही.

पॅसेंजर घोटीच्या पुढं गेली तसा पाऊस वाढला. इगतपुरी स्टेशनपासून क्वार्टरपर्यंत जाईस्तोवर त्या निथळत होत्या. दार उघडलं ते एका काटकुळ्या बाईनं. वयानं त्यांच्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. लंकाबाईंनी मनात तिचा चेहरा कधी रंगवलाच नव्हता, त्यामुळं तो वेगळा निघाला असंही वाटलं नाही.

"या ताई. भिजल्या की पार."

आतल्या खोलीत लोखंडी कॉटवर कोंडाजी पडले होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, दाढी वाढलेली. डोळे उघडे होते.

"बघा तरी, कोण आलंय," सिंधुबाई मोठ्यानं म्हणाली. ते छताकडंच बघत राहिले.

"किती दिवस काढतील म्हणतात डॉक्टर?" लंकाबाईंनी हळूच विचारलं.

"काय सांगता येत नाय. वर्षंही काढतील." मग तिच्या लक्षात आलं. "तुमाला वाटलं, शेवटचं भेटायला बोलावलं?"

सिंधुबाईनं चहाचा कप त्यांच्यापुढं ठेवला आणि खालमानेनं बोलायला लागली.

"माझी आई वारली, तिकडं हरसूलकडं. मातीला जाता आलं नाय, यांना टाकून कशी जाऊ? उद्या दहावा हाय. शेजारणी घटकाभर बघतात, पण मुक्कामाला कोण राहणार? चार दिवस इचार केला. तुमच्याबिगर कोणाचं नावच डोळ्यापुढं येईना."

दाराआड तिची पिशवी भरून ठेवलेली होती. एक साडी आणि पंचा, एवढंच वर दिसत होतं.

लंकाबाईंनी चहा संपवला. नाही म्हणायला हरकत नव्हती. नाही म्हणून परतीची गाडीही मिळाली असती.

"त्यांना खायला काय देता?" त्यांनी विचारलं.

पातळ भात, चमच्यानं, डाव्या गालात. दर दोन तासांनी कूस बदलायची. पाठीला पावडर. भांडं कॉटखाली. सगळं दाखवून सिंधुबाई निघाली. उंबऱ्यात थांबून म्हणाली, "शनिवारी येतेच."

मग घरात दोघंच उरले.

तेरा वर्षं लंकाबाईंनी एक प्रश्न मनात धरून ठेवला होता. कधी भेट झालीच तर विचारायचा: माझं काय चुकलं? आता त्या कॉटपाशी स्टुलावर बसल्या, त्यांच्याकडं बघितलं आणि विचारलं, "भात खाता का?"

त्यांनी खाल्ला. निम्मा ओघळला, तो लंकाबाईंनी पुसून काढला. बाजारात दुसऱ्याची पाटी सांभाळावी तसं त्या काम करत होत्या. आपली नव्हे, पण सांडूही नये.

भिजलेलं लुगडं त्यांनी दोरीवर टाकलं होतं. शुक्रवारी दुपारीही ते ओलंच होतं, आणि अंगावरचं कोंडाजींना धुताना घाण झालं. ते धुवून टाकल्यावर नेसायला काही उरलं नाही. ओल्या टॉवेलनिशी त्या खोलीत उभ्या राहिल्या. खुंटीवर सिंधुबाईची एक निळी साडी होती, फुलाफुलांची, पाचवारी. लंकाबाई जन्मात कधी गोल साडी नेसल्या नव्हत्या. निऱ्या दोनदा सुटल्या. शेवटी कशीबशी खोचली आणि त्या पाण्याचा तांब्या घेऊन आत गेल्या.

कोंडाजींनी मान वळवली. आल्यापासून पहिल्यांदा.

"शिंदू," ते म्हणाले. जड, पण स्पष्ट. "पानी."

लंकाबाई स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "हं, देते."

त्यांनी पाणी पाजलं. कोंडाजींनी डाव्या हातानं निळ्या साडीचा पदर धरला आणि डोळे मिटले. हात सुटेपर्यंत लंकाबाई बसून राहिल्या. कौलांवर पाऊस वाजत होता. मळ्यातल्या मोटरीचा फ्यूज नाथानं बसवला असेल का, असं त्यांच्या मनात आलं.

शनिवारी सिंधुबाई आली नाही. घाटात दरड पडून एसट्या बंद होत्या, असं शेजारीण सांगून गेली. ती रविवारी दुपारी पोहोचली, दहाव्याला रडून डोळे सुजलेली. दारातच तिनं आपली साडी ओळखली.

"माझं लुगडं वाळलं नाय," लंकाबाई म्हणाल्या.

"असू द्या ना ताई. नेसूनच जा ती."

"नको. दोरीवरचं दे इकडं, बदलते."

ओलसर लुगडं नेसून त्या स्टेशनवर गेल्या. घरी सुवर्णा वाट बघत होती.

"काय म्हणाले बाबा?"

"पाणी मागितलं."

"तुला ओळखलं का?"

"नाय."

"वाईट वाटलं असेल ना गं?"

पायाला मुंग्या आल्यावर आपण चिमटा काढून बघतो, तसं लंकाबाईंनी स्वतःला चाचपून बघितलं. "काहीच वाटलं नाय," त्या म्हणाल्या. ते खरंच होतं.

कोंडाजी पुढं दीड वर्ष जगले. त्या काळात सिंधुबाईचा आणखी दोनदा फोन आला, एकदा तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी, एकदा भावाच्या घरच्या लग्नासाठी. दोन्ही वेळा लंकाबाई गेल्या. नाथानं बोलणं सोडलं, नंतर पुन्हा धरलं.

कोंडाजींचा दहावा रामकुंडावर झाला. सगळं नाथानं केलं. सिंधुबाई पायऱ्यांवर बरीच लांब उभी होती. नाथा चिडून म्हणाला, "हिला कोणी बोलावलं?"

"मी," लंकाबाई म्हणाल्या, आणि तिला हातानं धरून पुढं घेऊन आल्या.

सिंधुबाईनं हंबरडा फोडला. लंकाबाई कोरड्या डोळ्यांनी शेजारी उभ्या राहिल्या. दुसऱ्या कुणाच्या दहाव्याला आलेल्या दोन बायका आपसात कुजबुजत होत्या, "यातली बायको कोण गं?" लंकाबाईंना ते ऐकू आलं. त्यांनी सिंधुबाईच्या खांद्यावरून घसरलेला पदर नीट केला आणि ती शांत होईपर्यंत तिथंच थांबल्या.