फरशी मधून लावायची

माझी बायको ईश्वरी हट्टी आहे, हे लग्नाआधी तिच्या नाशिकच्या मामांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. मी हसण्यावारी नेलं. ते किती खरं होतं ते मला २०२२ च्या फेब्रुवारीत, एका शुक्रवारी, अल गराफातल्या अर्धवट व्हिलाच्या अंगणात गुडघे टेकून बसल्यावर कळलं.

ती नाशिकची सिव्हिल इंजिनिअर. आम्ही दोह्यात अल नस्रला राहतो. मी रास लफानला गॅस प्लांटवर शिफ्ट करतो, ती एका छोट्या बिल्डरकडे साइट सांभाळते. वर्ल्ड कप नऊ महिन्यांवर आला होता आणि चांगला मिस्त्री दिसला की हॉटेलवाले त्याला उचलून नेत होते. अशा दिवसांत तिच्याकडे खतिजाबाईंचं घर आलं.

खतिजाबाई सत्तरीच्या कतारी विधवा. लहानपण अंगणाच्या घरात गेलेलं आणि पुढची पन्नास वर्षं बंद खिडक्या नि एसीत. आता त्यांना जुन्या मूर लोकांनी स्पेन-मोरोक्कोत बांधली तसं घर हवं होतं. बाहेरून साधी भिंत, आत उघडं अंगण, भोवती घोड्याच्या नालेसारख्या कमानी, मधोमध कारंजं आणि त्याच्याभोवती आठ कोनांच्या ताऱ्यांची, मोरोक्कोहून मागवलेली फरशी. "मरने से पहले अपने घर में बैठके आसमान देखना है," त्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या. ईश्वरीने शब्द देऊन टाकला.

मी चिडवायचो. "हजार वर्षांपूर्वीचे मूर कुठे आणि गराफाचा व्हिला कुठे! पीओपीच्या चार कमानी चिकटव, काम खलास."

"आपल्या नाशिकच्या फ्लॅटमध्ये हॉल आणि डायनिंगच्या मध्ये कमान आहे ना? ती त्याच घराण्यातली," ती उसळून म्हणायची. "लोकांनी कमान घेतली आणि अंगण टाकून दिलं. अरे, खरी अक्कल अंगणात होती. भिंतींची सावली, पाण्याचा गारवा. कमान नुसती शोभेला राहिली."

आणि मग याच बाईने चूक केली. गुरुवारी सकाळी दिलावर मिस्त्रीला तिने सांगितलं, "दरवाज़े से शुरू करो," आणि ती मीटिंगला निघून गेली. नाशिकला दहा वर्षं तिने फ्लॅटच केले होते. दारात अख्खी फरशी, तुकडे पलीकडच्या कोपऱ्यात, कपाटामागे. हाताची सवय तोंडून निघाली. संध्याकाळी दिलावर कारंज्यापर्यंत पोचला आणि त्याने फोटो पाठवला. ऐन कारंज्याच्या कडेला तारा अर्धा कापला गेला होता. ताऱ्यांची फरशी मधून सुरू करायची असते. ईश्वरी जेवली नाही.

बिल्डरचा मॅनेजर मुनाफ फोनवर म्हणाला, "मॅडम, ऊपर कालीन डाल देंगे. खलास. दिलावर शनिवार से होटल की साइट पर जाएगा."

फरशी मोजूनमापून आणलेली, नवी यायला चार महिने. खालचा सिमेंटचा माल अजून कच्चा होता. शुक्रवार गेला की तो घट्ट होणार आणि फरशी फोडल्याशिवाय निघणार नाही.

"देवव्रत, तुला उद्या सुट्टी आहे ना?" तिने विचारलं. मला काय कळायचं ते कळलं.

सकाळी सहाला आम्ही दोघं आणि सुट्टी सोडून आलेला दिलावर, पातळ पट्ट्या घेऊन एकेक फरशी सोडवू लागलो. दिलावर जुम्म्याच्या नमाजाला गेला तेवढा वेळही ती उठली नाही. मी कमरेतून मोडलो होतो आणि तोंडाने पुटपुटत होतो. तिने लक्ष दिलं नाही. चारपर्यंत साडेतीनशे निघाल्या. अकरा फुटल्या. त्या तिने हातात घेऊन पाहिल्या आणि बाजूला रचल्या. "मधून लावलं की चारही कडांना तुकडे लागतातच," ती म्हणाली.

तेवढ्यात खतिजाबाई आल्या. उखडलेलं अंगण बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"मुझसे गलती हुई, मामा," दिलावर झटकन म्हणाला. इथे मोठ्या बाईला मामाच म्हणतात.

"नाही!" ईश्वरी मराठीतच ओरडली, मग सावरून म्हणाली, "नहीं मामा, मैंने गलत बताया. इन्होंने तो वही किया." तिची नोकरी गेली असं मी धरूनच चाललो.

म्हातारीने त्या अकरा फुटक्या फरश्यांकडे पाहिलं. मग तिने मुनाफला फोन लावला. अरबी मला समजत नाही, पण अंगण संपेपर्यंत दिलावर इथून हलणार नाही, एवढं तिच्या आवाजावरून मलाही समजलं. शेवटचा शब्द मात्र ओळखीचा होता. खलास.

"यल्ला, चलो," म्हातारी खुर्ची ओढून बसली. "बीच से."

नोव्हेंबरात उद्घाटनाच्या सामन्याला खतिजाबाईंनी आम्हाला बोलावलं. पाहुण्यांच्या खोलीत टीव्हीसमोर पोरंबाळं ओरडत होती. बाई मात्र अंगणात, कारंज्याजवळ, मान वर करून बसल्या होत्या.

"तुम्हारे घर में भी ऐसा है?" त्यांनी मला विचारलं.

"नहीं मामा. तीसरी मंज़िल का फ्लैट है."

"अभी नहीं है," ईश्वरी म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं आणि मला मामा आठवले, नाशिकचे.