रिकाम्या नंबरावरच्या बायका

सत्तर सालानंतरची गोष्ट. मी नागपूरला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक होतो. त्या उन्हाळ्यात इतका थकून जायचो, की नंदनवन वस्तीतल्या घरी पोचल्यावर सायकल भिंतीला टेकवून पायरीवरच बसायचो. बायको पाण्याचा तांब्या हातात द्यायची.

रोज दुपारी एकच रडगाणं. शहराच्या एका टोकाला आमचं लहान एक्स्चेंज होतं. तिथून मोठ्या एक्स्चेंजकडे दहा लाइनी जात. तिकडच्या माणसाला शहरात बोलायचं तर त्या दहांतली एखादी मोकळी हवी. एरवी त्या पुरून उरायच्या. पण त्या मे महिन्यात एक वाजला की सगळ्या भरायच्या आणि चारपर्यंत कोणाचा फोन लागायचा नाही. एकाच्या वडिलांच्या छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात फोन काही लागेना, शेवटी रिक्षात घालून न्यावं लागलं. ते वाचले. पण मुलगा आमच्या साहेबांसमोर येऊन रडला.

साहेबांनी मला बोलावलं. "दिवसभर तू करून काय राहिला गा तिथं?"

आठ दिवस मी यंत्रं उघडत होतो, धूळ काढत होतो, लाइनी जोडणारे रिले बदलत होतो. सकाळी तपासावं तर सगळं ठीक. दुपारी पुन्हा तेच. पंख्याचं वारंसुद्धा भाजायचं.

नवव्या दिवशी माझ्यात काही दुरुस्त करायचा जीवच उरला नव्हता. मोठ्या एक्स्चेंजमध्ये गेलो आणि भरलेल्या लाइनींपैकी एक धरून ती कुठवर जाते, एवढंच बघत गेलो. ती कोणालाही न दिलेल्या एका रिकाम्या नंबरावर जाऊन थांबली होती. दुसरीही तिथेच. दहांपैकी आठ तिथेच.

असा नंबर फिरवला की कानात घुंऽ असा आवाज येतो आणि माणूस फोन ठेवतो. मी रिसीव्हर जोडून कानाला लावला. तो घुंऽ आवाज नव्हता. बायका बोलत होत्या.

"काहून वं, आज उशीर?"

"सासूबाई आत्ता झोपल्या. कूलरचं पाणी भरून आली."

"त्या धंतोलीवाल्या मावशीचं दुखणं कसं आहे?"

"आहे, आहे," एक म्हातारा आवाज म्हणाला. "मी ऐकून राहिली. बोला तुम्ही."

घुंऽ आवाजाची तार तुटली होती. त्यामुळे त्या नंबरावर येणारे सगळे एकमेकांना ऐकू येत होते. कोणा एकीला चुकून कळलं असेल, तिनं दुसरीला सांगितलं असेल. एकमेकींचे चेहरे माहीत नाहीत, नावं नाहीत. दुपारी घर झोपलं की इथे येऊन बसायच्या. आमची व्यवस्थाच अशी, की फोन करणाऱ्यानं रिसीव्हर खाली ठेवल्याशिवाय लाइन सुटायची नाही.

जोडायला ती तुटलेली तार हातात घेतली. मग न राहवून बोललो, "मी टेलिफोन ऑफिसातून बोलतोय."

"अगं बाई!" कोणीतरी दचकून म्हणालं.

"घाबरू नका. पण तुमच्यामुळं दुसऱ्यांचे फोन अडतात. परवा एक माणूस मरता मरता वाचला. मला हे बंद करावं लागेल."

"भाऊ," तो म्हातारा आवाज म्हणाला, "आमाले कुठं माहीत होतं गा!"

"एकमेकींचे नंबर लिहून घ्या. मी थांबतो."

पेन्सिली शोधल्याचे आवाज आले. एकीनं नंबर सांगितला, दुसरीनं, तिसरीनं. मग कोणीतरी विचारलं, "आणि तू वं? तुझा?"

"माझा नाही," एक कोवळा आवाज म्हणाला. "मी एका घरी कामाले आहे. मालकीण झोपली की लावते. मले कोणी फोन नका करू."

मग तीच मला म्हणाली, "जोडा भाऊ तुमची तार," आणि तिची लाइन सुटली.

मी तार जोडली. वहीत लिहिलं, 'टोनची तार तुटली होती, जोडली.' साहेबांनी सही केली आणि केबलच्या दुसऱ्या तक्रारीचा कागद पुढे सरकवला.

पावसाळ्यात एक म्हातारी बाई फोन बंद असल्याची तक्रार घेऊन आमच्या खिडकीशी आली. आवाज मी लगेच ओळखला. मी कोण ते सांगितल्यावर ती हसली. म्हणाली, आता दोघीजणी दर मंगळवारी तिच्याकडे येतात, एकीनं तिचं औषधपाणीही बघितलं.

"आणि ती कामाला होती ती?"

"शोधली गा आम्ही. पण घर कोणतं, ते तिनं कधी सांगितलंच नव्हतं."

मी म्हातारीची तक्रार लिहून घेतली आणि दुपारीच तिचा फोन दुरुस्त करून आलो.